एका दिवसाच्या अंतरावरचा भाऊ

४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. साष्टांग म्हणते खरी, पण या वेळी आठातलं एक अंग कमी धर. डावा खांदा गळ्यातल्या पट्टीत आहे. उजवा हात धडधाकट आहे, त्यामुळे अक्षराचं खापर खांद्यावर फोडता येणार नाही. ते मुळातच असं आहे.

कागदावरचं पत्र बघून दचकला असशील. माझा फोन रोज संध्याकाळी यांच्या हातात जातो. हे जेवता जेवता एकेक निरोप वाचतात, काही पुसलंय का तेही तपासतात. ऑफिसच्या फोनवर बोलावं तर समोर गिऱ्हाईक बसलेलं. शेवटी आमच्या मालकीणबाई म्हणाल्या की पत्र लिही, उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर मागव, ते तुझ्याशिवाय कुणाच्या हाती पडणार नाही हे माझ्याकडे लागलं. तेव्हा उत्तर इथेच पाठव, घरी नको.

माझं काम तेच. तिकीट काढायला येणारा प्रत्येक माणूस आधी अंतर विचारतो, मग वेळ विचारतो, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की माझ्याकडे संशयाने बघतो. मी उदाहरण तुझ्या शहराचं देते, कारण ते मला पाठ आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर साडेसात हजार किलोमीटर. पण विमान पट्टीवरून जात नाही. वाटेत लढाई चालू आहे, त्या आकाशाला वळसा घालावा लागतो. मधल्या शहरात उतरून सात-आठ तास बाकड्यावर काढायचे, मग दुसरं विमान. हवेत अकरा तास, पण दारापासून दारापर्यंत धरलं तर अख्खा दिवस. गिऱ्हाईक म्हणतं, एवढा? जणू मीच पायाने विमान ढकलणार आहे.

हा विषय गेल्या रविवारी घरी निघाला. मी यांना म्हटलं की गेल्या वर्षी दादाकडे जायचं राहिलं, व्हिसा अजून चालू आहे, आठ दिवस जाऊन येते. यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग माझा हात धरून पाठीमागे वळवला. तुला ठाऊक आहे, हे दिवसभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करतात. कुठला सांधा कुठवर वळतो हे यांना चांगलं कळतं. तिथवर वळवला, आणि मग थोडा पुढे. खांदा निखळला तेव्हा मला आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर. मग यांनीच मला जमिनीवर झोपवलं, काखेत पाय रोवून हात ओढला आणि खांदा जागेवर बसवला. मी किंचाळले तर म्हणाले की सैल सोड, आवळून धरलंस तर जास्त दुखेल. अगदी पेशंटशी बोलतात त्या आवाजात. शेजारच्या खोलीत सासूबाईंचं शिवणयंत्र चालू होतं. ते थोडा वेळ थांबलं आणि परत सुरू झालं.

पट्टी बांधून झाल्यावर यांनी मला समजावलं, की तुझा दादा एका दिवसाच्या अंतरावर आहे. तो विमानात बसून उतरेपर्यंत मी तुझा खांदा बसवलेला असेल, पट्टी बांधलेली असेल आणि वर तुला चहा करून दिलेला असेल. मग तो बघणार काय. त्यानंतर यांनी खरोखरच चहा केला. साखर बरोबर होती.

काळजी करू नको असं लिहिणार होते, पण मग पत्र कशाला लिहिलं असतं. तू जहाजांच्या पोटात शिरून वेल्डिंग करतोस आणि स्वतःच्या शर्टाला बटण लावू शकत नाहीस, हे मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यात सुधारणा झाली असेल तर कळव. लोभ आहेच, सध्या थोडा जास्त पाठव.

तुझी,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. आ. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत मिळालं. वाचून संपलं तेव्हा मी आमच्या कपडे बदलायच्या खोलीत होतो. माझ्या लोखंडी कपाटाला आता दार आहे असं म्हणता येणार नाही. मुठीला टाके पडलेत. फोरमन माझ्या पाठीवर बसून विचारत होता की घरी कोण गेलं. मी म्हटलं, अजून कुणी नाही, पण जाणार आहे.

आता नीट ऐक. आई-बाबा गेल्यावर तुला मी वाढवलं ते त्या माणसाने घडी घालून ठेवावं म्हणून नाही. त्याला हाडं कळतात ना? मला लोखंड कळतं. कुठे तापवलं की वाकतं आणि कुठे ठोकलं की तुटतं ते मला शिकवावं लागत नाही. मी त्याच्या हाताची बोटं एकेक करून मोडणार आहे, आणि प्रत्येक बोटानंतर त्याला सांगणार आहे की सैल सोड. हे मी रागात लिहीत नाही. राग आला होता तो कपाटावर गेला. हे मी शांतपणे लिहितोय.

लगेच निघालो असतो, पण गोदीत एक जहाज पोट फाडलेल्या अवस्थेत पडलंय. ते पाण्यात गेल्याशिवाय कुणाला रजा नाही. तोवर तू एक कर. पोलीस चौकीत जा, खांदा दाखव. तुझ्या मालकीणबाईंना बरोबर ने, बाई खमकी दिसते. आणि सासूबाई मशीन चालवत बसल्या होत्या म्हणतेस, तर त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार की एवढं काय शिवत होत्या.

बटणाचा आरोप खोटा आहे. मी आता बिनबटणांचेच शर्ट घेतो. खोली दोनच माणसांची आहे, पण दोन माणसं मावतात म्हणूनच तिला तसं म्हणतात. तुझी खाट खिडकीशी लावून ठेवलीय.

जिवाला जप. बाकीचं मी बघतो.

तुझा,
दादा


१ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. या वेळी साष्टांग पुरतं आहे, पट्टी निघाली. तुझ्या मुठीचे टाके निघाले का? कपाटाचं दार तुझ्या पगारातून कापतील, तेव्हा पुढच्या वेळी उशीवर राग काढ.

तुझं ऐकून चौकीत गेले. मालकीणबाई बरोबर होत्या. तिथले साहेब भले वाटले. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं आणि त्यांचा चेहराच खुलला. त्यांच्या गुडघ्यावर सहा महिने यानेच उपचार केलेत. साहेब म्हणाले की एवढा हळुवार हाताचा माणूस मी पाहिला नाही, घरात भांड्याला भांडं लागतंच, समजुतीने घ्या. मी घरी पोचायच्या आत त्यांचा याला फोन गेला होता.

मी दार उघडलं तेव्हा तो हात धुवत होता. सावकाश पुसले, टॉवेल दांडीवर सरळ केला आणि मला भिंतीशी नेऊन गळा धरला. अंगठे कुठे ठेवायचे तेही त्याला माहीत आहे. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं की सोडायचा, मी श्वास घेतला की परत धरायचा. असं किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. शेवटी मला कपड्यातच झालं, तेव्हा त्याला किळस आली आणि त्याने सोडलं. दादा, हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही. मला वाटलं होतं की वाटेल.

सासूबाईंबद्दल तू विचारलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि पलंगावर एक नवा झगा ठेवून गेल्या. उंच गळपट्टीचा, मानेवरचे वळ झाकतील असा. मला इतका संताप आला की तो झगा मी टराटरा फाडला. त्या दारातच उभ्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या की त्यांचा डावा कान तिसाव्या वर्षी गेला, सासरेबुवांच्या एका थपडेने, आणि त्यानंतर त्यांनी लांब केस सोडून कान झाकायला सुरुवात केली. झाकणं एवढंच येतं, दुसरं कुणी शिकवलं नाही. मग फाटलेले तुकडे गोळा करून घेऊन गेल्या. मला काय वाटलं ते मलाच अजून कळलेलं नाही.

माझा पासपोर्ट त्याच्या दवाखान्यातल्या कपाटात आहे, किल्ली तिथल्या बाईंकडे. तो हाती आला की मी एक दिवसही थांबणार नाही, मालकीणबाईंनी तिकीट रोखून ठेवलंय. म्हणून म्हणते, घाई करू नको. तू येऊन त्याची बोटं मोडलीस तर तोच गुडघेवाला साहेब तुला आत टाकेल, आणि मग मी कोणाकोणाला डबा पोचवू?

माया तशीच असू दे, फक्त मूठ सैल ठेव.

तुझी,
भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,

अ. आ. हे पत्र मी मधल्या शहरातून लिहितोय, विमानतळाच्या पोलीस कोठडीतून. तुला न कळवता निघालो, कारण निघतो म्हणून पत्र टाकलं असतं तर ते माझ्यानंतर पोचलं असतं. जहाज पाण्यात गेलं त्याच दिवशी तिकीट काढलं.

पहिलं विमान ठीक होतं. सगळी वाट मी मनात त्याला मारत होतो. दारात मारत होतो, जिन्यात मारत होतो, दवाखान्यात पेशंटसमोर मारत होतो. इथे उतरलो तेव्हा माझे दात दुखत होते, इतका वेळ आवळून धरले होते. पुढच्या विमानाला वेळ होता म्हणून बाकड्यावर बसलो.

समोर एक जोडपं होतं. बाईकडून काहीतरी हरवलं असावं, ती पिशवी उपसत होती. नवरा तिच्याजवळ वाकला, लोकांना वाटावं की कानात काही सांगतोय, आणि त्याने तिचं कोपर धरून वळवलं. तिचं तोंड उघडलं पण आवाज आला नाही. मी उठलो कधी ते मला आठवत नाही. पहिला गुद्दा जबड्यावर बसला. तो बाकड्याच्या लोखंडी कडेवर आपटून खाली पडला. मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्याचे दात फरशीवर दिसले तरी थांबलो नाही. मी तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊन शिव्या देत होतो असं नंतर मला सांगितलं.

मला थांबवलं ते त्या बाईने. तिने माझ्या मनगटाचा असा चावा घेतला की दात हाडाला लागले. मग पिशवीने माझ्या डोक्यात मारत सुटली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली. पोलीस मला नेत होते तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. भिंगरी, तू त्याच्याकडे कशी बघत असशील ते मला तेव्हा दिसलं. ती नजर माझ्यावर होती.

बेड्या घातल्यावर माझ्या विमानाची शेवटची घोषणा ऐकू आली. इथून तू पाच तासांवर आहेस. माझ्या आयुष्यात एवढं लांब काही नव्हतं. त्या माणसाचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, पण जगेल. कोर्ट शिक्षा देईल आणि मग मला जिथून आलो तिथे परत धाडतील, असं वकील म्हणतो.

माझी वाट बघू नको. पासपोर्ट मिळो न मिळो, त्या घरातून नीघ. मालकीणबाईंकडे जा. मला काही सुचत नाही, एवढंच सुचतं.

दादा


४ एप्रिल

चि. दादा यांस,

अ. आ. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, आणि तुम्ही मला ओळखता ते मशीनच्या आवाजावरून. मी तुमच्या बहिणीची सासू. तुमचं कोठडीतलं पत्र ऑफिसच्या बाईंनी माझ्या हाती दिलं, कारण सूनबाई इस्पितळात आहे. जिवंत आहे, हे आधी वाचा. आता पुढचं वाचा.

तुमच्या फोरमनने कामावरच्या कागदांतला नंबर शोधून काळजीपोटी माझ्या मुलाला फोन केला आणि विचारलं की पाहुणे सुखरूप पोचले का. तेव्हा त्याला कळलं की तुम्ही त्या सकाळी उतरणार होतात. तो घाबरला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. खिडक्या लावून घेतल्या, कामावर गेला नाही, सूनबाईलाही घराबाहेर पडू दिलं नाही, दाराकडे तोंड करून बसून राहिला. दुपार झाली, कुणी आलं नाही. मग तो हसायला लागला. हसत हसतच स्वयंपाकघरात गेला.

तिने तुम्हाला बोलावलं असं त्याचं म्हणणं. ती नाही म्हणत होती, आणि ते खरं होतं. त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. ती पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. एरवी तो बेतून मारायचा, खूण कुठे राहील ते बघायचा. त्या दिवशी सकाळभर बसलेली भीती तो तिच्यावर फेडत होता.

मी बाहेर कपड्यांना इस्त्री करत होते. तुम्ही सूनबाईकडून विचारलं होतं ना, की मी एवढं काय शिवत होते. तेच ते कपडे. इस्त्री तापलेली होती. ती घेऊन मी आत गेले आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला एका कानानेही ऐकू आला. त्याने वळून आई म्हटलं, लहानपणी पडल्यावर म्हणायचा तसंच. तरी मी दुसरा घाव घातला, त्याच हातावर. कातडी इस्त्रीला चिकटून आली. दुसरा घातला नसता तरी चाललं असतं, तो तेव्हा खाली बसला होता. हे मी पोलिसांना सांगितलं, तुम्हालाही सांगते. एकाशी एक आणि दुसऱ्याशी दुसरं बोलायचं माझं वय गेलं.

तिच्या दोन बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. छातीत नळी घातली आहे. डॉक्टर म्हणतात की भरून आल्याशिवाय विमानात बसवायचं नाही, वर हवेचा दाब कमी असतो. पासपोर्ट मी आणला. त्याच्या दवाखान्यातल्या बाईंकडे जाऊन म्हटलं की मी त्याची आई, कपाट उघडा. त्यांना वाटलं की मुलासाठी काही हवं असेल.

गुन्हे दोन नोंदले आहेत, एक त्याच्यावर, एक माझ्यावर. चौकीतले साहेब माझा लवकर लिहून घेत होते. मी म्हटलं, लिहा, पण त्याच्यावरचाही लिहून झाल्याशिवाय मी उठणार नाही. दिवसभर बसले. लिहिला.

आता एक बोलते, वडीलकीने. तुम्ही मारायला निघाला होतात. आमच्या घरात मारणारे हात पुरेसे होते. न्यायला निघाला असतात तर पोचला असतात. याहून जास्त बोलायचा अधिकार मला नाही, कारण मी भिंतीपलीकडे असून मला पोचायला चार वर्षं लागली.

पोरीला बसता आलं की पाठवते. तिकडे तिची सोय बघा आणि स्वतःला आवरा.

तुमची,
विहीणबाई म्हणा हवं तर


२६ मे

ती. आईंस,

सा. न. वि. वि. मी पोचले. पोचल्याचा फोन दादाने केलाच होता, पण तुम्हाला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही विचारत नाही, म्हणून लिहिते.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की अकरा तास. मला वाटायचं की अकरा तास म्हणजे अकरा तास. विमानात बसल्यावर माझ्या शेजारच्या माणसाने सामान ठेवायला हात वर केला आणि मी खाली वाकून डोकं झाकलं. तो बिचारा इतका ओशाळला की त्याने नंतर पाणीसुद्धा हात न उचलता प्यायचा प्रयत्न केला. मधल्या शहरात बाकड्यावर बसले. कुठल्या बाकड्यावर दादाने ते केलं असेल, असं मनात आलं आणि मग बसवेना. उरलेला वेळ उभी राहून काढला. छाती दुखत होती, पण श्वास पूर्ण येत होता.

दादाला दीड महिना आत ठेवून परत धाडलं. विमानतळाच्या दारात उभा होता, वाळून अर्धा झालेला. मला बघून त्याने दोन्ही हात पसरले आणि धावत आला. आई, मी त्याच्यापुढे दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली बसले. माझा दादा तो. ज्याच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेले. लोक बघायला लागले. तो जिथे होता तिथेच थांबला. मग त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्यापासून चार पावलांवर फरशीवर बसून राहिला, मी उठेपर्यंत. घरी येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत होता. सामान मीच उचललं, कारण हात खिशातून काढायची त्याची हिंमत होईना.

आता बरं आहे. दादा दार आपटत नाही, भांडं जोरात ठेवत नाही, माझ्या मागून येताना खाकरतो. इतका खाकरतो की शेजारीण औषध घेऊन आली. त्या माणसाच्या जबड्याबद्दल तो बोलत नाही. त्याच्या बायकोबद्दल एकदा बोलला. म्हणाला की ती चावली ते बरोबर होतं, पण तिचं आता काय होत असेल. मला माहीत होतं.

तुमच्या वकिलांचा निरोप मिळाला. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, आणि तुमच्या मुलाचा वकील तुम्हाला वेडी ठरवणार आहे असं कळलं. दुसऱ्या घावाबद्दल तुम्ही सगळीकडे सांगत सुटलात त्यामुळे त्याचं काम सोपं झालंय. पहिल्या घावाआधी काय झालं ते सांगणारं माणूस एकच आहे. म्हणून मी येतेय. तिकीट काढलं.

दादाने दोन दिवस वाद घातला. पत्र पाठवून साक्ष चालत नाही का म्हणाला. मग म्हणाला की मी बरोबर येतो. पण मधल्या शहराने त्याला पाऊल ठेवायला बंदी केली आहे, तेव्हा तो वाद आपोआप मिटला. खरं सांगायचं तर बंदी नसती तरी मी नको म्हटलं असतं. शेवटी तो म्हणाला, तिथे तो माणूस समोर उभा असेल. मी म्हटलं, असू दे, मलाही त्याच्यासमोर उभं राहायचं आहे. त्यावर त्याने माझ्या कोटाचं निघालेलं बटण लावून दिलं. वाकडं लावलंय, पण घट्ट आहे.

तुम्ही विमानतळावर येऊ नका, जिने फार आहेत. मालकीणबाई येतील. आपण सरळ कोर्टात भेटू. मी तुमच्या उजव्या बाजूला बसेन, म्हणजे काय चाललंय ते तुम्हाला सांगता येईल. तो काय म्हणतोय तेही सांगेन, एकही शब्द न गाळता. तुम्ही तेव्हा मान खाली घालू नका.

तिकडे येताना वारा पाठीमागून असतो. इकडे यायला लागतो त्यापेक्षा तास-दीड तास कमी लागतो.

माया राहू द्या. मी निघालेच.

तुमची,
सूनबाई